माइकला ऐकू न येणारी मोटर

माझ्या नवऱ्याला कारखान्यात सगळे 'सावकाश' म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. मी वाइंडिंगच्या टेबलावर, म्हणजे मोटरींमध्ये तांब्याची तार गुंडाळायला, आणि तो डिझाइनच्या खोलीत. मी भराभर काम उरकून मोटर पुढे केली की हा ती तळहातावर घेणार, डोळे मिटणार, दोन बोटांनी तिचा दांडा फिरवणार आणि म्हणणार, "सावकाश. अजून जरा बघू." एके दिवशी माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो सावकाश, आम्हाला आज घरी जायचंय!" हसून हसून टेबलं हलली आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याच सावकाशशी मला संसार करावा लागला. करावं तसं भरावं, दुसरं काय.

आमच्या कारखान्यातली मोटर म्हणजे केवढी, तर नाण्याएवढी रुंद आणि बोटाच्या पेराएवढी जाड. ती पंख्यासारखी गरगर फिरत नाही. एकेक पाऊल टाकत फिरते. एक पाऊल सांगितलं तर एक, दहा सांगितली तर दहा, आणि मग जिथल्या तिथे उभी. प्रिंटरमध्ये कागद सरकवायला, कॅमेऱ्यात भिंग पुढेमागे करायला, औषधाच्या पंपात सिरिंज हळूहळू दाबायला असलीच मोटर लागते. पण पाऊल टाकायचं म्हणजे थोडा तरी झटका बसणार, आणि झटका बसला की 'टक्' होणार. सावकाशचं अर्धं आयुष्य त्या 'टक्'च्या मागे गेलं.

बोटांची सवय तर विचारूच नका. घरातली बरणी उघडायची तरी हा डोळे मिटून झाकण फिरवतो आणि कुठे अडतंय ते बघतो. नळाचं तेच, गॅसच्या बटणाचं तेच. मी चहाची वाट बघत ताटकळते आणि हा उभा साखरेच्या बरणीशी समाधी लावून! त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, बोटं तिथूनच आलेली. बाबांना वाटायचं, मुलाने दुकान चालवावं. तो मोटरींकडे गेला. बाबा काही बोलले नाहीत, पण पुढे नजर अधू झाली आणि दुकान बंद करावं लागलं, तेव्हापासून घरात 'मोटर' हा शब्द ते नाक मुरडल्याशिवाय उच्चारत नसत. मनगटावर मात्र किल्लीचं जुनं घड्याळ कायम. अंघोळीपुरतं सोडलं तर ते हातातून कधी उतरलेलं मी पाहिलं नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही आणि जन्मभर एकच काम जीव लावून केलं. अंधांच्या वाचनालयासाठी ती पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि ती रेकॉर्ड व्हायची. आवाज असा की फोनवर साधं "हॅलो" म्हणाली तरी समोरचा सावरून बसायचा. मग तिला तो आजार जडला, ज्यात अंग आखडत जातं, हात थरथरतात आणि जीभ जड होते. डॉक्टरांनी कमरेला एक लहानसा पंप लावून दिला. तो रात्रंदिवस थेंबाथेंबाने औषध कातडीखाली सोडतो. पंप चालू आहे तोवर आत्या ठणठणीत. काढला की थोड्याच वेळात शब्द तोंडातल्या तोंडात विरायला लागतात.

तेव्हाच आम्ही तिला आमच्याकडे राहायला आणलं आणि बाबांच्या शेजारची खोली दिली. मधली भिंत म्हणजे नावाला भिंत, नुसत्या फळ्या.

पंपामुळे आवाज परत आला, म्हणून आत्या आनंदाने वाचायला गेली. एक जाडजूड कादंबरी अर्धी वाचून झाली होती, नायिका घर सोडून बोटीत बसली होती. पहिल्याच दिवशी वाचनालयातल्या रेकॉर्डिंगच्या ताईंनी हेडफोन काढून विचारलं, "आत्या, मागे काय टकटकतंय?" पंप टकटकत होता. उशी बांधून पाहिली, शाल गुंडाळून पाहिली. तसेच दोन भाग ऐकणाऱ्यांकडे गेले, तर एका आजोबांनी कळवलं, "गोष्ट छान आहे, पण बोटीवर सुतारकाम कधी संपणार?" आम्ही पोट धरून हसलो. आत्याही हसली, मग खोलीत गेली आणि जेवायला उठलीच नाही.

म्हणजे बघा, पंप काढावा तर वाचता येत नाही आणि ठेवावा तर वाचलेलं चालत नाही. ताई बिचाऱ्या भल्या. त्या म्हणाल्या, "थांबते मी. पण ऐकणारे रोज विचारतात. फार लांबलं तर दुसऱ्या बाईंकडून पुस्तक पहिल्यापासून वाचून घ्यावं लागेल." दुसऱ्या बाई कोण ते आत्याला ठाऊक होतं. "ती? तिच्या तोंडी नायिका बंदर सोडायच्या आधीच मरेल!"

मग तिने भाच्याला समोर बसवलं. "अरे, या पंपात तुमच्याच कारखान्याची मोटर आहे ना?"

"हो. माझंच डिझाइन."

"वा! म्हणजे हा सुतार तूच माझ्या कमरेला बांधलास. आता तूच सोडव."

"सावकाश बघतो, आत्या."

"सावकाश तू म्हातारा हो. मला माझं पुस्तक संपवायचंय."

सावकाश कामाला लागला. पंपवाल्या कंपनीला आवाजाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, पेशंटला सवय होते. पण मोटर तेवढ्याच जागेत बसत असेल आणि जोर कमी होत नसेल तर नवी तपासून बघायला त्यांची ना नव्हती. त्यांनी तपासणीसाठी एक मोकळा पंप दिला. सावकाशने आतल्या दातांचा आकार बदलला, बेअरिंग बदलली, वीज धसकन न देता चढत चढत दिली. दर वेळी जेवणाच्या सुट्टीत तो पंपात पाणी भरून वाचनालयात जायचा, माइकसमोर ठेवायचा आणि काचेपलीकडे ताई हेडफोन लावून बसायच्या. "कमी झालाय," त्या म्हणायच्या, "पण आहे."

एका गोष्टीला मात्र तो हात लावत नव्हता, ती म्हणजे चुंबक. मोटरच्या पोटात एक चुंबक असतं. ते जितकं तगडं, तितका मोटरला जोर. नोकरीला लागल्या-लागल्या त्याची एक मोटर लेबलं छापण्याच्या मशिनमध्ये पाऊल चुकली होती आणि सगळी लेबलं तिरकी निघाली होती. माणसं ती गोष्ट केव्हाच विसरली, हा नाही. तेव्हापासून त्याच्या मोटरीत सगळ्यात तगडं चुंबक. "बाकी काहीही होवो, पाऊल चुकता कामा नये," म्हणायचा. आणि इथे तर सिरिंजमध्ये आत्याचं औषध.

शेवटी एक नमुना असा उतरला की तो स्वतःच म्हणाला, "बरी आहे." सावकाशच्या तोंडून 'बरी' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून फटाके! दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात जायचं ठरलं. आत्याला पहाटेपासून दम निघत नव्हता. तपासणीनंतर ताई आपल्याला घरी पोचवतील असं म्हणून ती आधीच रिक्षाने पुढे गेली.

आम्ही निघणार, तर सावकाशने जेवणाच्या टेबलावरून मोटर उचलली, सवयीने डोळे मिटले, दांडा फिरवला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही कुणी उघडली?"

"मी," बाबा खुर्चीतून शांतपणे म्हणाले. "काल दुपारी. तू चालवून दाखवलीस ना, तेव्हा मधेच एक ठोका अडखळला. मला ऐकू आला. म्हटलं कचरा असेल. भिंग लावलं, चार स्क्रू काढले, सगळं पुसलं, तेलाचा एक थेंब दिला. होती तशी बसवली. बघ, स्क्रूच्या डोक्यावर ओरखडासुद्धा नाही."

ओरखडा नव्हताच. माणूस आयुष्यभर घड्याळं उघडून बंद करत आलेला. पण या मोटरीचं एक आहे. चुंबक आत बसवल्यावरच त्यात शक्ती भरतात, आणि एकदा ते बाहेर काढलं की त्याची बरीच शक्ती जाते, ती पुन्हा घातलं तरी परत येत नाही. दिसायला मोटर जशीच्या तशी, अंगात मात्र त्राण नाही. हे आम्ही कारखान्यात नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. घरात कुणाला सांगायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

"बाबा, हे घड्याळ नाहीये!" सावकाश ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याचा चढलेला आवाज ऐकला. "प्रत्येक गोष्ट उघडून पुसायची नसते! एकच नमुना होता माझ्याकडे!"

बाबा उठले, गॅलरीत गेले आणि पाठ करून बसले. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचंही वाईट वाटलं, म्हणून मी नवऱ्यावरच तोंड सोडलं. "झालं ओरडून? तिकडे आत्या एकटी बसलीये. चल. निदान तोंडाने तरी सांगू की आज जमत नाही." निघताना कसल्या आशेने कोण जाणे, त्याने पंपात तीच मोटर बसवून घेतली. रिकाम्या हाताने जायचं त्याला सुधरेना.

वाचनालयातली ती खोली म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, भिंतींना जाड कापड आणि मधे काच. आत्या काचेच्या बाहेर पर्स मांडीवर घेऊन बसलेली, परीक्षेला आल्यासारखी. सावकाशने तिच्याकडे न बघताच आत जाऊन पंप माइकसमोर ठेवला, बटण दाबलं आणि बाहेर येऊन उभा राहिला.

ताई हेडफोन लावून बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "करा सुरू."

"केलाय," सावकाश म्हणाला.

"नाही हो, काही ऐकू येत नाही."

तो धावत आत गेला. म्हटलं, बंद पडला असणार. पण नळीच्या टोकाला पाण्याचा थेंब फुगत होता, पडत होता, दुसरा फुगत होता. पंप चालू होता. सावकाश तिथेच जमिनीवर फतकल मारून बसला आणि त्या थेंबांकडे बघत राहिला. आत्या मला कोपर मारून म्हणाली, "अगं, याला काय झालं?" मी आत जाऊन त्याला दंडाला धरून उठवलं. 

रिक्षात त्याने सांगितलं. वीज बंद असली तरी मोटरचा दांडा खाचेत बसल्यासारखा अडतो. ती अडकण चुंबकामुळे, आणि टकटक बरीचशी त्या अडकणीमुळे. चुंबक थोडं हलकं केलं की जोर थोडा कमी होतो, पण अडकण त्याहून कितीतरी जास्त कमी होते. "हे मी पुस्तकात वाचलं होतं गं," तो म्हणाला. "पण भीतीने कधी करून बघितलं नाही."

"म्हणजे बाबांनी सुंठीवाचून खोकला घालवला की!"

"घालवला, पण अर्धाच," तो म्हणाला. आणि खरंच, घरी येऊन नळी जरा चिमटीत धरली तर पंप लगेच अडला. पाण्यापुरता ठीक. आत्याच्या अंगाला लावायचा तर जोर परत आणायला हवा होता, आणि चुंबकाचा जोर नको तर तो तांब्यातून यायला हवा होता. तांबं म्हणजे मी.

तेवढ्याच खाचेत पहिल्यापेक्षा जास्त वेढे बसवायचे! मी म्हटलं, खाच काय माझ्या माहेरची आहे, की सगळे मावतील? मशिनने जमेना, तार एकमेकींवर चढायची. शेवटी मी हाताने, एक वेढा दुसऱ्याच्या कुशीत असा, शेजारी शेजारी दाबत बसवायला लागले. नाकी नऊ आले. तार तुटली की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि तो आपला, "सावकाश." एकदा मी पक्कडच त्याच्या दिशेने भिरकावली. लागली नाही, पण त्यानंतर तो खोलीच्या दारातून बोलायला लागला. मान मोडली, बोटं सोलवटली, पण बसले सगळे वेढे. नळी चिमटीत धरली तरी पंप थांबला नाही. पंपवाल्यांनी आपल्याकडे नेऊन तो पाण्यावर चालवला, औषधावर चालवला, उलटा-सुलटा करून चालवला. त्यांचा शिक्का झाला, डॉक्टरांनी होकार दिला आणि मगच तो आत्याच्या कमरेला लागला. ताई तोवर कशाबशा थांबल्या होत्या. दुसऱ्या बाईंनी घसा तयार ठेवल्याचं मात्र आत्याच्या कानावर आलं होतं.

बाबा आणि सावकाश या सगळ्या दिवसांत एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. मी त्याला सांगून थकले, माफी माग. तो म्हणायचा, "मागतो." कधी, ते विचारायची सोय नाही.

नवा पंप लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, धाडधाड आवाजाने आम्ही जागे झालो. बाबा आत्याच्या दारावर मुठी मारत होते. "दार उघड! अगं, दार उघड!"

आत्याने दार उघडलं. केस विस्कटलेले, तोंड त्रासलेलं. "काय झालं? आग लागली का?"

बाबा दाराची चौकट धरून उभे राहिले. मग म्हणाले, "झोपेतून जागा झालो, तर टकटक ऐकू आली नाही. मला वाटलं..." आणि पुढचं त्यांनी गिळलं.

तेव्हा आम्हाला कळलं. ती आल्या दिवसापासून हा माणूस त्या फळ्यांच्या भिंतीला कान लावून झोपत होता. टकटक चालू म्हणजे बहीण ठीक. तो नमुना उघडला तोही याचसाठी. एक ठोका अडखळला आणि त्यांना वाटलं, ही मोटर उद्या तिच्या कमरेला लागणार आणि मधेच बंद पडणार. आम्ही मेले समजत होतो, म्हाताऱ्याला जुनी खोड. मला रडूच आलं. सावकाश पुढे झाला. त्याने बाबांचा हात धरला, त्यांचं एक बोट आत्याच्या पंपावर ठेवलं आणि म्हणाला, "जरा थांबा. डोळे मिटा." बाबांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांची मान हलली.

"चालतंय," ते म्हणाले.

"माझ्या पोटावर पंचायत भरवून झाली असेल तर मी झोपू का?" आत्या म्हणाली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी बाबा हट्टाने बरोबर आले. नुसते वाचनालयापर्यंत नाही, त्यांना आत बसायचं होतं. बोट ठेवल्याशिवाय त्यांचा भरवसा बसेना. ताई म्हणाल्या, हलायचं नाही, खोकायचं नाही. बाबा कबूल. स्टूल आत्याच्या खुर्चीला लावून, पंपावर बोट ठेवून, श्वाससुद्धा जपून घेत बसले. आम्ही काचेबाहेर. आत्याने पुस्तक उघडलं, चष्मा सारखा केला. ताईंनी हात वर केला आणि तसाच धरला. मग हळूच म्हणाल्या, "टकटकतंय."

 लेबलं तिरकी निघाली त्या दिवशी सावकाशचा चेहरा झाला असेल, तसाच आता झाला. आत्याने पुस्तक मिटलं. नुसती त्या मिटलेल्या पुस्तकावरून हात फिरवत राहिली. माझ्याच्याने ते बघवेना.

"पण हा आवाज वेगळा आहे," ताई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "फार भरभर आहे. आणि बारीक."

बाबांनी मान वर केली. ज्या हाताचं बोट पंपावर, त्याच हाताच्या मनगटावर किल्लीचं घड्याळ, आणि ते मनगट माइकपासून हातभर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी काचेबाहेर कपाळावर हात मारला. आत्या फिस्सकन हसली.

बाबा नाही हसले. त्यांनी घड्याळ उतरवलं आणि कानाशी धरलं. बाहेर आणून द्यायचं तर पंपावरचं बोट सोडून उठावं लागलं असतं. त्यांनी किल्ली नखाने बाहेर ओढली. काटा थांबला. मग घड्याळ खिशात टाकलं, बोट पुन्हा पंपावर ठेवलं आणि ताईंकडे बघून मान हलवली.

आत्या वाचायला लागली. बोट बंदरातून सुटली, नायिकेने मागे वळून पाहिलं, आणि आमच्या आत्याचा तो आवाज त्या कापडाच्या खोलीत असा भरून राहिला की ताईंचा वर धरलेला हात खाली यायचंच विसरला. मागे काही म्हणजे काही नव्हतं. सावकाश काचेला कपाळ टेकवून रडत होता. मी त्याला रडू दिलं.

घरी आल्यावर मी चहा टाकला. बाबा खुर्चीत बसून खिशातलं घड्याळ काढून बघत होते. ते आत्याने वाचायला सुरुवात केली त्या वेळेवरच थांबलेलं होतं. सावकाश त्यांच्यासमोर जमिनीवर येऊन बसला.

"बाबा, मी त्या दिवशी ओरडलो. चुकलं माझं. तुम्ही ती उघडली नसती तर मला जन्मात कळलं नसतं."

"मोडलीच होती की मी," बाबा म्हणाले.

"मोडली होती," सावकाश म्हणाला. "द्या ते इकडे. मी किल्ली देतो."

बाबांनी घड्याळ त्याच्या हातात दिलं. त्याने किल्ली आत सारली, डोळे मिटले आणि दोन बोटांनी ती हळूहळू फिरवायला लागला. बाबा पुढे वाकून त्याच्या बोटांकडे बघत होते. आतून आत्याने हाक मारून विचारलं, चहा झाला का.